भाकड कुठंय?

शुक्रवारी संध्याकाळी एक रिलीज अडकला होता आणि आम्ही चौघं पाचव्या मजल्यावरच्या कॉफी मशीनपाशी ताटकळत उभे होतो. तेवढ्यात टीममधल्या एकाने मोबाईल पुढे केला. फिकट पिवळं लॅब्रॅडॉरचं पिल्लू, गळ्यात लाल रिबीन, बसायला मखमली उशी. "अठ्ठावीस हजार म्हणतोय. पाच हजार टोकन पाठवलंय मी. तुला महाग वाटतं का रे?"

(कुत्र्यांच्या बाबतीत माझं मत विचारायची प्रथा आमच्या टीममध्ये गेल्या वर्षीपासून पडली आहे. का, ते पुढे येईलच.)

"महाग कुठे? फार स्वस्त आहे," मी म्हटलं. "म्हणूनच घेऊ नकोस."

त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. बाकीच्या दोघांनी मग नेहमीचा वाद सुरू केला. एक म्हणाला, रस्त्यावर इतकी पिल्लं असताना पैसे देऊन कुत्रं आणायचं हाच मूर्खपणा. दुसरा म्हणाला, हौसेला मोल नसतं, तू दीड लाखाचा फोन घेतलास तेव्हा कोणी विचारलं का? तेवढ्यात रिलीज सुटला, सगळे पांगले, आणि माझं वाक्य अर्धवटच राहिलं. आज शनिवार आहे, बायको आणि लेक आजोळी गेल्या आहेत, घरात शांतता आहे. तेव्हा ते पुरं करतो.

आधी माझी गोष्ट. मागच्या दिवाळीत लेकीच्या हट्टापायी (हट्ट माझाच होता, लेक निमित्त) मीही असंच एक पिल्लू घेतलं. व्हॉट्सॲपवर तीन फोटो आणि अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ. खाली लिहिलेलं: केसीआय पेपर, इम्पोर्ट लाइन, ४५ दिवस, फुल्ली व्हॅक्सिनेटेड. किंमत २६,०००. आई बघायला मिळेल का विचारलं तर म्हणाला, "सर, बाहेरच्या लोकांना आत घेत नाही, इन्फेक्शनचा धोका असतो." मला ते चक्क प्रोफेशनल वाटलं! पैसे यूपीआयने गेले. पिल्लू हायवेवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये मिळालं, पुठ्ठ्याच्या खोक्यात. लेकीने गाडीतच नाव ठेवलं, बिस्किट.

तिसऱ्या दिवशी बिस्किटने खाणं सोडलं. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टर म्हणाले, पार्व्हो. चार दिवस सलाईन चाललं, आठव्या दिवशी पहाटे ते गेलं. लेकीने शाळेत जाताना विचारलं, "बिस्किट उठलं का?" आणि बायकोने माझ्याकडे पाहिलं. असो. दवाखान्याचं बिल किती झालं ते सांगत नाही. सांगायचं आहे ते वेगळंच. पार्व्होचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी जास्तही. म्हणजे बिस्किट आमच्या दारात आलं तेव्हा बहुधा तो घेऊनच आलं होतं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "तुम्ही बाहेरचं काहीतरी खायला घातलं असणार." दुसऱ्या दिवशी माझा नंबर ब्लॉक.

त्या रात्री गावाला फोन लावला. आमचं गाव पुणतांबा. शिर्डीला रेल्वेने गेला असाल तर नाव वाचलं असेल, मेन लाइनवरून शिर्डीचा फाटा तिथेच फुटतो. गोदावरीच्या काठावर चांगदेव महाराजांची समाधी आहे, ऊस आहे, कांदा आहे, आणि घरटी दोन-चार संकरित गाई आहेत. फोनवर वडील होते, आम्ही त्यांना नाना म्हणतो. मला वाटलं किंमत ऐकून ते आधी शिव्या घालतील. त्यांनी किंमत विचारलीच नाही.

"त्याची आय पाह्यली व्हती का?"

"नाही."

"मंग काय पाह्यलं?"

"फोटो."

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, "झोप आता."

नानांनी जन्मात कधी फोटो बघून जनावर घेतलेलं नाही. लोणीच्या बाजारात गाय कशी घेतात ते मी लहानपणी त्यांचं बोट धरून पाहिलंय. आधी दात बघायचे: दोन दाती, चार दाती, की जुळलेली. मग वेत कितवं. कास हाताने चाचपून बघायची, चारही सड चालू आहेत का ते बघायचं. गाय दहा पावलं चालवायची, लंगडते का, खुरं कशी आहेत. सोबत वासरू असलं तर ते तिचंच आहे का, हे ती त्याला चाटते की ढुशी मारते त्यावरून कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतः बसून धार काढायची, संध्याकाळची एक आणि सकाळची एक. एकाच धारेवर भुललात तर मेलात, कारण विकणारा दूध तुंबवून ठेवतो आणि कास टम्म दिसते. एवढं झाल्यावर मग व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करणार, तो शेजारच्यालाही कळत नाही. नाना तरी दोनदा उठून चहाला जाणार, परत येणार.

हे सगळं चौथी शिकलेला माणूस करतो. त्याचा इंजिनिअर झालेला मुलगा प्रॉडक्शनमध्ये एक ओळ बदलायची तर दोघांकडून रिव्ह्यू मागतो, मोबाईल घ्यायचा तर आठ दिवस व्हिडिओ बघतो, आणि पुढची बारा वर्षं घरात राहणारा जीव अकरा सेकंदांत पसंत करतो. आता बोला.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा हा विषय पुन्हा निघाला. मी माझ्या परीने मार्केट समजावून सांगत होतो, ब्रीड, लाइन, पेपर, डिमांड. नाना गोठ्यात गव्हाणीत कडबा टाकत ऐकत होते. मध्येच थांबून म्हणाले, "त्याच्याकडं भाकड किती हायेत?"

"काय?"

"भाकड रं. भाकड कुत्र्या किती हायेत?"

शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. भाकड म्हणजे दूध न देणारी गाय किंवा म्हैस. दोन वेतांच्या मधली असेल तर गाभण राहून, व्याली की पुन्हा दुधावर येते. म्हातारी झाली की कायमची भाकड. खाते तेवढीच, देत काही नाही. (कुत्रीला कोणी भाकड म्हणत नाही. नानांनी तो शब्द तिथल्या तिथे लावला.) त्यांचं म्हणणं असं की कुठल्याही गोठ्याचा खरा हिशोब दुभत्या गाईंकडे बघून कळत नाही. "दहा गाया दुधावर आन् भाकड एकबी नाय, म्हंजी काय? भाकड झाली की तो काढतो. मंग त्याचं दूध सस्तं पडणारच की."

पुणतांब्याच्या माणसाला उत्पादन खर्च शिकवायला जाऊ नये. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो याच गावातून. कांदा, भाजी बाजारात पाठवायची नाही, दूध डेअरीला घालायचं नाही. महाराष्ट्रभर रस्त्यांवर दूध ओतलं गेलं, पुण्या-मुंबईत भाज्या महागल्या, आमच्या ऑफिसात लोक 'तुमच्या गावाने काय चालवलंय' म्हणून मला विचारत होते. कर्जमाफी ही एक मागणी आणि दुसरी उत्पादन खर्च अधिक पन्नास टक्के, स्वामिनाथन आयोगाने सुचवलेला हमीभाव. म्हणजे मालाची किंमत तो पिकवायला काय लागतं त्यावरून ठरवा, घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. एवढं साधं म्हणणं. म्हटलं, हेच सूत्र पिल्लाला लावून बघू. पुण्याला परत आलो आणि एक्सेल उघडलं.

आधीच सांगतो, आकडे माझे आहेत. सोसायटीत कुत्री असलेल्या चार घरांत आणि दोन डॉक्टरांना विचारून काढलेले. तुमचे थोडे इकडेतिकडे येतील.

लॅब्रॅडॉरची एक मादी धरा. चांगलं खाणं, लसी, जंतांची औषधं, डॉक्टर मिळून महिन्याला ६,०००. वर्षाला ७२,०००. बारा वर्षं जगली तर ८,६४,०००. तिने आयुष्यात जास्तीत जास्त पाचदा व्यायचं (हे पाच कुठून आले ते खाली सांगतो), प्रत्येक वेताला सहा पिल्लं जगली तर एकूण तीस. म्हणजे आईच्या आयुष्याचा भार एका पिल्लावर २८,८००. शिवाय नराचे पैसे (ते पुष्कळदा वेतातलं एक पिल्लू देऊनच फेडतात), खुब्यांचे एक्स-रे, सोनोग्राफी, बाळंतपण, कधी सिझेरियन. वेतामागे ४०,००० धरले तर पिल्लामागे साधारण ६,७००. पिल्लाचं स्वतःचं खाणं, लस, जंतांचं औषध, मायक्रोचिप मिळून ४,०००. बेरीज ३९,५००. यात माणसाची मजुरी नाही, जागेचं भाडं नाही, रात्री दर दोन तासांनी उठणं नाही. वर स्वामिनाथनचे पन्नास टक्के घातले तर ५९,२५०. म्हणा साठ हजार.

आता दुसरी शीट. तीच मादी, पण पिंजऱ्यात. खायला भात आणि चिकनच्या दुकानातला टाकाऊ माल, महिन्याला दीड हजार. पहिल्या माजापासून नर दाखवायचा आणि मग दर माजाला, वर्षातून दोनदा. सहा वर्षांची होईपर्यंत आठ वेतं सहज. अठ्ठेचाळीस पिल्लं. सहा वर्षांचा खर्च १,०८,०००, पिल्लामागे २,२५०. त्यात एखादी लस, एक रिबीन, एक उशी, एक फोटो धरून दीड हजार. झाले ३,७५०. म्हणा चार हजार. सातव्या वर्षाचा रकाना या शीटमध्ये नाही.

या दोन शीट शेजारी शेजारी ठेवा आणि मित्राच्या अठ्ठावीस हजारांकडे बघा. पहिल्या माणसाला त्या भावात पिल्लामागे साडेअकरा हजारांचं नुकसान आहे. दुसऱ्याला चोवीस हजार सुटतात. मग त्या भावात वर्षानुवर्षं, दर महिन्याला नव्या पिल्लांचे फोटो टाकत, कोण टिकणार? म्हणून मी म्हटलं स्वस्त आहे. अठ्ठावीस हजार हे खऱ्या खर्चापेक्षा कमी आहेत, आणि जे कमी पडले ते कोणीतरी भरलेलेच असतात. आईने भरलेले असतात, तिच्या वाट्याच्या जेवणातून, दोन वेतांमधल्या विश्रांतीतून आणि शेवटच्या सहा वर्षांतून.

याला एक खरा अपवाद आहे आणि तो मान्य करायला हवा. कोणाच्या घरात लाडाची एक मादी असते, तिला एकदा पिल्लं होतात, आणि ते लोक ओळखीतल्यांना दहा-पंधरा हजारांत देतात. त्यांचा हिशोब वेगळा, कारण आई त्यांनी स्वतःसाठीच पाळलेली आहे, तिच्या जेवणाचे पैसे ते पिल्लांवर लावत नाहीत. पण नानांचा प्रश्न तिथेही चालतो. भाकड कुठंय? ही काय, सोफ्यावर लोळतेय! झालं समाधान. घ्या खुशाल.

आता ते पाच वेतांचं. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुरांच्या बाजारांसाठी नियम आणले, आणि त्यावर देशभर गदारोळ झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याच महिन्यात कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचेही नियम आले, आणि त्यावर निदान माझ्या कानावर तरी चकार शब्द आला नाही. (आणि पुढच्याच महिन्याच्या एक तारखेला आमच्या गावचा संप! गाय, कुत्रं आणि कांदा, तिघांचं भवितव्य एकाच उन्हाळ्यात.) या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी अठरा महिन्यांच्या आत फळवायची नाही, आठ वर्षांनंतर नाही, आणि जन्मात पाचच वेतं. विकायचं पिल्लू मायक्रोचिप लावलेलं, लस दिलेलं हवं. आणि आठ आठवड्यांच्या आत विकायचंच नाही.

आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. आता पुन्हा जाहिराती बघा. '४५ दिवसांचं पिल्लू.' सगळीकडे पंचेचाळीस! म्हणजे जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत माणूस सांगतोय की मी नियम मोडतोय, आणि आपण ते वाचून 'वा, एकदम छोटं आहे' म्हणतो. ते अकरा दिवस का महत्त्वाचे? कारण त्या दिवसांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून चावायचं किती ते शिकतं. शिवाय लसीचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, तेव्हा पंचेचाळिसाव्या दिवशी 'फुल्ली व्हॅक्सिनेटेड' कोणी असूच शकत नाही. हे मला बिस्किट गेल्यावर कळलं. आधी कळायला दहा मिनिटं वाचन पुरलं असतं, हा भाग वेगळा.

आता शुक्रवारचे आक्षेप.

हौसेला मोल नाही. बरोबर आहे, हौस आमच्या गावालाही नवी नाही. चांगदेव महाराज ज्ञानेश्वरांना भेटायला वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन निघाले, अशी कथा आहे. जनावर मिरवत जायचा थाट तेव्हापासूनचा! (समोरून भावंडं भिंतीवर बसून आली, आणि महाराजांचा थाट तिथेच उतरला.) माझं भांडण हौसेशी नाही. दीड लाखाच्या फोनला आई नसते, एवढंच म्हणणं आहे.

डिमांड-सप्लाय. मागणी जास्त म्हणून भाव जास्त, त्यात चूक काय? चूक अशी की कांद्याचा भाव वाढला तर पुढच्या हंगामात कांदा जास्त लागतो, आणि त्यात वावराला काही दुखत नाही. पिल्लांचा सप्लाय वाढतो तो त्याच माद्या आणखी वेळा फळवून. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एक पग त्या पोराच्या मागे मागे फिरला आणि घरोघरी पग हवा झाला. हच गेलं, व्होडाफोन आलं, त्याचंही व्हीआय झालं. चपट्या नाकामुळे श्वासाला लागणारी धाप मात्र पगांकडेच राहिली. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतल्या पगला जिना चढताना ऐका, अडकलेला पंप वाटतो.

पेपर. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो. आई-बाप, आजे-पणजे कोण ते सांगतो. पिल्लाचे खुबे कसे आहेत, आई किती वेळा व्याली, तिला काय खायला घालतात, हे त्यावर नसतं. 'इम्पोर्ट लाइन'ची तर गंमतच आहे. व्यापारासाठी कुत्री आयात करण्यावर केंद्राने एप्रिल २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी जाहिरातीत ही लाइन कुठून वाहत येते देव जाणे. देशी घ्या म्हणणाऱ्यांनाही सांगतो: ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ हाउंड वगैरे भारतीय जातींचं कौतुक केलं. चांगलंच झालं. पण मुधोळ आणि कारवान पिल्लांच्या जाहिराती मी पाहिल्या आहेत, तिथेही तेच पंचेचाळीस दिवस आणि तीच रिबीन.

पैसे मोजले की माणूस किंमत ठेवतो, हा आणखी एक युक्तिवाद. यात थोडं तथ्य आहे. आमच्याकडे टिप्या आला तेव्हा त्याच्या बदल्यात आजीने शेजारणीला शेरभर बाजरी दिली होती. फुकटचं कुत्रं टिकत नाही, म्हणायची. टिप्या तेरा वर्षं टिकला. पण शेरभर बाजरीने जे झालं ते पन्नास हजारांनी झालं असतंच असं नाही. प्राणी संस्थांची पानं उघडून बघा, दत्तक द्यायला लॅब आहेत, जर्मन शेफर्ड आहेत, हस्की आहेत. त्यांच्यासाठीही कोणीतरी कधीतरी भरघोस पैसे मोजले होतेच की.

सगळ्यात टोचणारा आक्षेप दत्तकवाल्या मित्राचा होता. जिन्यात गाठून म्हणाला, "तुमच्या गोठ्यात काय वेगळं चालतं?" काही वेगळं चालत नव्हतं. लहानपणी आमच्या घरातून म्हाताऱ्या गाई बाजारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. दावं सोडताना आई पदर डोळ्यांना लावायची, आणि पुढे ती गाय कुठे जाते हे कोणी विचारायचं नाही. गाईला गोऱ्हा झाला की घरात कोणाचा चेहरा फुलायचा नाही. आम्ही धुतल्या तांदळासारखे नव्हतो आणि मी तसं म्हणतही नाही. फरक असलाच तर एवढा की दुधाला मिळणाऱ्या भावात भाकड पोसणं नानांना परवडत नव्हतं, आणि ते कोणापासून लपवलेलं नव्हतं. नानांना तो प्रश्न सुचला कारण त्यांनी स्वतः त्याचं उत्तर दिलेलं आहे. तुमच्या-माझ्यासारखा माणूस पिल्लू घेतो ते पोटासाठी नाही. आपल्याला साठ हजार परवडतात. नाहीतर न घेणं तरी नक्कीच परवडतं.

त्या मित्राचं दत्तक घे हे म्हणणं मला पटतं, पण त्याचा ओरडण्याचा सूर पटत नाही. घरात लहान मूल आहे, कुणाला विशिष्ट स्वभावाचं, विशिष्ट आकाराचं कुत्रं हवं आहे, तर त्याने विकत घेऊ नये असं मी म्हणणार नाही. फक्त पैसे देण्याआधी त्या माणसाच्या घरी जावं आणि रिबीनवाल्या पिल्लांकडे न बघता म्हातारी कुत्री दाखव म्हणावं. आठ वर्षांची, नऊ वर्षांची, आता न विणारी. ती दिसली, अंगावर केस नीट असले, हाक मारल्यावर शेपटी हलली, तर तो माणूस साठ हजार म्हणो की सत्तर, घासाघीस न करता द्यावेत. मी बिस्किटनंतर अशा नऊ जणांना फोन केले, फक्त विचारायचं म्हणून. सात जणांनी फोन ठेवला. एकाने सांगितलं, त्या आम्ही गावाला पाठवतो. एकीनेच बोलावलं. तिच्याकडे खरोखर अकरा वर्षांची एक मादी दारात उन्हात झोपलेली होती, माझ्यावर एकदा भुंकून पुन्हा झोपली. ती बाई वर्षाला एकच वेत करते, पिल्लाचे पंचावन्न हजार घेते, आणि यादीत दीड वर्ष थांबावं लागतं. माझ्या शीटशी जवळपास जुळलं!

गावाला पाठवतो, हे उत्तर मात्र माझ्या डोक्यातून जाईना. गावाला म्हणजे कुठे? कुणाच्या?

मेमध्ये नानांचा फोन आला. "तुज्या त्या बिस्किटाच्या जातीची एक म्हातारी घाटावर आलीय." गोदावरीच्या घाटावर दहाव्याचे विधी होतात, खायला काही ना काही पडलेलं असतं, म्हणून कुत्री तिथे जमतात. त्यांच्यात ही एक, पिवळी, लॅब्रॅडॉर. गळ्याभोवती पट्ट्याने केस जाऊन पांढरा वण पडलेला. सड लोंबून जमिनीला टेकायला आलेले, पोटावर टाक्यांची खूण, मागचे पाय ओढत चालायची. गावची कुत्री तिला जवळ येऊ देत नव्हती आणि तिला भांडायचंही माहीत नव्हतं. नानांनी राहात्याहून डॉक्टर बोलावले. ते म्हणाले, सहा-सात वर्षांची असेल, तीन-चारदा तरी व्यालेली आहे, जास्तही असेल. कुठून आली कोणालाच माहीत नाही. शिर्डीला येणारी एखादी गाडी वाकडी वाट करून सोडून गेली असेल, असं लोक म्हणतात. खरंखोटं कोण सांगणार.

मी जाऊन बघितलं तेव्हा ती गोठ्यात गव्हाणीखाली बसलेली होती. हात पुढे केला की मान खाली घालून डोळे मिटायची, मारणार असं समजून. नानांनी नाव ठेवलंय पाव्हणी. सकाळी भाकरी आणि ताक, संध्याकाळी भाकरी आणि दूध. (डॉक्टर दुधाला नको म्हणालेत, नाना ऐकत नाहीत.) खर्च किती येतो विचारलं तर हसले. गोठ्यात एक म्हातारी गाय आहे, दोन वर्षांपूर्वी आटली तेव्हा तिला विकू दिली नाही आईने. तिच्याकडे आणि पाव्हणीकडे हात करून म्हणाले, "माज्याकडं भाकड दोन. तुज्या त्या कागदात लिही."

हे लिहीत असतानाच मघाशी त्या मित्राचा मेसेज आला. त्याने खरंच विकणाऱ्याला फोन करून विचारलं, म्हाताऱ्या माद्या कुठे असतात? तो म्हणाला, "फार्महाऊसवर ठेवतो सर, एकदम मजेत." हा म्हणाला, उद्या रविवार आहे, बघायला येतो. तर म्हणे रस्ता खराब आहे. मग व्हिडिओ कॉल करा. तर म्हणे तिकडे रेंज नाही. आणि वर, "सर, तुम्हाला पिल्लू घ्यायचंय का म्हातारी?"

आता मित्र विचारतोय की नाही म्हटलं तर पाच हजारांचं टोकन बुडेल, काय करू? मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे इथे टाकतो आणि त्याला लिंक पाठवतो.